कारवारची बेटं: बोट तासावर ठरवा, डॉल्फिनवर नाही

पहिल्यांदा गेलो तेव्हा बोटवाल्याला आम्हीच म्हणालो, "डॉल्फिन दाखव, मग पैसे." झालं. पाठ दिसेल तिथं त्यानं बोट घातली, इंजिन ताणताण ताणलं, आणि आम्ही घरी आणले ते नुसत्या पाण्याचे सत्तर फोटो. चूक त्याची नव्हती. बेळगावात शहापूरला माझं शिलाईचं दुकान आहे, मला हे आधी कळायला हवं होतं. नगावर काम दिलं की टाके लांब पडतात.

आता बोट तासावर ठरवतो. सहा-सात माणसांची छोटी बोट, सकाळी साडेतीन तास, दुपारी दीड तास. डॉल्फिन दिसो न दिसो, पैसे तेच, आणि मी हात वर केला की इंजिन बंद. एवढं आदल्या संध्याकाळी बोलून घ्यायचं. बोटवाले कोकणी बोलतात, आपली मराठी त्यांना कळते. आणि कारवार काही आपल्याला परकं नाही. लहानपणी 'बेळगाव-कारवार-निपाणी' एवढ्या वेळा घोषणेत ऐकलं होतं की मला तो एकच गाव वाटायचा.

जायचं आदल्या दिवशीच. खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरून कद्र्यावरून कारवार. घाटात घाई करू नका, वाटेत धनेश दिसतात. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नावच काढू नका, 1 जून ते 31 जुलै मासेमारीसुद्धा बंद असते.

दिवस निवडायला कॅलेंडर घ्या, पण तारीख नको, तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. एकादशी म्हणजे अकराची पाऊणपट, सव्वाआठ. सव्वाआठला भरती, अडीचच्या सुमारास ओहोटी. आपल्याला हेच हवं: सकाळी काळी नदीच्या मुखाशी चढतं पाणी आणि दुपारी कांदळवनात उघडा चिखल. वेळ बोटवाल्याकडून पक्की करून घ्या. एकादशीची एक अडचण आमच्या वहिनीनं दाखवून दिली. पहाटे तुपातली साबुदाण्याची खिचडी खाऊन बोटीत बसली आणि सदाशिवगड मागं पडायच्या आत सगळी समुद्राला अर्पण. उपास असो नसो, पोटात थोडंसं कोरडं असू द्या आणि आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा. मळमळलं की बोटीत खाली बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा.

साडेसहाला निघा. सकाळी मतलई वारा असतो, पाणी तव्यासारखं सपाट. अकरा-बाराला खारा वारा फिरला की लाटा उठतात, मग पाठ आणि लाट वेगळी ओळखू येत नाही. लाइफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली नको. 21 जानेवारी 2019 ला कूर्मगड बेटावरच्या जत्रेहून परतणारी बोट इथंच उलटली होती, 16 माणसं गेली.

आता डॉल्फिन. कोकणात जुनी माणसं त्याला गादा म्हणतात. इथं किनाऱ्यालगत दिसतो तो कुबडवाला: पाठीवर उंचवटा, त्या उंचवट्यावर छोटा पर. टीव्हीतल्यासारख्या उड्यांची वाट बघू नका. आधी सुरय पक्षी कुठं सूर मारतायत ते शोधा, खाली मासळी असते. त्या बाजूला तोंड करून इंजिन बंद. भाचा पाच मिनिटांत कंटाळला, "आत्या, काय बी दिसना झालंय बघ." बोटवाला कोकणीत म्हणाला, "राव, राव," म्हणजे थांब, थांब. आणि मागून फुस्स आवाज आला. आधी कान, मग डोळे, हे तेव्हा शिकले.

मला तो बघताना धावदोरा आठवतो. सुई वर, सुई खाली, तीन-चार टाके जवळजवळ एका रेषेत. ती रेषा धरून पुढचा टाका कुठं पडेल तिथं दुर्बीण लावून ठेवा, मागच्या टाक्यावर नाही. शेपूट वर आली की दोरा संपला, लांब बुडी. मग काही मिनिटं गप्प बसायचं. दोन टाक्यांच्या मध्ये बोट घालायची नाही, पन्नास मीटर तरी लांब राहायचं. सोबत पिल्लू असेल तर त्याहून लांब. डॉल्फिनला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्रास देणं गुन्हा आहे. दुर्बीण आठपट पुरे. माझी दहापटीची बोटीत अशी हलते की समुद्रच नाचतो.

बेटांवर उतरण्याचा फार सोस धरू नका. कूर्मगड, नावाप्रमाणे कासवासारखा, वर नरसिंहाचं देऊळ. त्याला सावकाश फेरा मारा आणि उंच झाडांचे शेंडे बघत जा. पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड तिथं बसतो. लांबून घारीएवढाच वाटतो, पण उडाला की पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरतो. घार तसे धरत नाही. तांबूस अंग आणि पांढरं डोकं दिसलं तर ती ब्राह्मणी घार, त्या पोत्यानं दिसतात. अंजदीव लांबूनच बघायचं, ते नौदलाकडे आहे. नौदलाच्या तळाच्या दिशेनं कॅमेराही धरू नका.

दुपारी जेवून काळी नदीत आत जा. इंजिन बंद करून कांदळाला टेका. पहिली दोन मिनिटं चिखल मेलेला वाटतो, मग एकेक भोक हलायला लागतं. निवट्या, म्हणजे चिखलावर फिरणारे छोटे मासे, परांवर रेटत पुढं सरकतात, एकमेकींवर पाठीचा पर उभा करतात. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले खेकडे ती हलवत बसतात, गिऱ्हाइकाला बोलावल्यासारखे. काळ्या डोक्याचा खंड्या हमखास. पाणमांजराचं नशीब लागतं. मला दोनदा नुसते पायाचे ठसे मिळालेत.

परतल्यावर दुर्बिणीची काच कोरड्या रुमालानं पुसू नका, सुकलेलं मीठ काच चरतं. आधी गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडानं टिपा, मग कोरड्यानं. मी धुऊन मऊ झालेली अस्तराची चिंधी नेते, सुती. टेरिकॉटची नको.