बांध साफ करायची घाई नको, आधी मधमाश्यांचं बघा

मंडळी, गौरी-गणपती झाले, पावसानं उघडीप दिली की आपल्याकडं पहिलं काम म्हणजे बांधावर तणनाशक मारायचं. यंदा जरा थांबा. आत्ता बांधावर तेरडा, कुर्डू, रानतुळस फुलावर आहे आणि करवीर, कागल, शिरोळ कुठंही बघा नुसता ऊस, त्यात मधमाशीला खायला मिळणार काय? फुलं सरू दे, बी पडू दे, मग विळ्यानं कापा.

वांगी-टोमॅटोवाल्यांनी तर हे लईच मनावर घ्या. ह्या फुलांचे पराग उघड्यावर नसतात, पुंकेसराच्या टोकाला बारीक भोक असतं, माशी फुलाला घट्ट धरून अंग थरथरवते तेव्हा कुठं ते बाहेर पडतात. पेटीत पाळतात त्या सातेरी मधमाशीला हे जमत नाही, निळ्या पट्ट्याच्या माशीला आणि काळ्या भुंग्याला जमतं. जवळ उभारून ऐका, फुलावर बसल्यावर आवाज एकदम बदलतो. ही माशी मातीत बीळ करते, भुंगा वाळक्या लाकडात नायतर बांबूत, म्हणून बांधाचा थोडा तुकडा उघडा ठेवा आणि चार वाळके बांबू गोठ्याच्या वळचणीला राहू द्या.

लावायचं काय? जमिनीत ओल आहे तोवर निर्गुडीच्या काड्या खोचा, शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत, कुंपण आपोआप होतं. परसात तुळस, कढीपत्ता, शेवगा. जागा असली तर कडंला जांभूळ आणि करंज, उन्हाळ्यात दुसरं काही नसताना तेच कामाला येतात. घाणेरीवर पण माश्या दिसतात, पण ती रान खाऊन टाकते, नकोच.

फोटो जरूर काढा, कुठल्या फुलावर कुठली माशी येते ह्याची नोंदच होते ती. माशीमागं पळू नका, तुळशीची एक मंजिरी धरून बसा, सावली पडू देऊ नका, बर्स्ट मोड लावा, म्हणजे एका दाबात भराभर फोटो निघतात. एकदम सकाळी गेलात तर निळ्या पट्ट्याचे नर काडीला जबड्यानं धरून झोपलेले सापडतात, मोबाईलवर पण झकास येतात. आग्या मोहोळाजवळ मात्र अजिबात जायचं नाही, लांबूनच.

आणि फवारणी. फुलावर असलेल्या पिकात शक्यतो टाळाच, मारायचीच असली तर काकडी-लाल भोपळ्याला दिवस मावळताना मारा, त्यांची फुलं तोवर मिटलेली असतात. दोडक्याचं उलटं आहे, तो संध्याकाळीच फुलतो, तिथं ती वेळ चालत नाही.