नायट्रिक ऑक्साइड ‘वाढवण्या’च्या नादात या चुका टाळा

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावणाऱ्यांच्या कमरेच्या पट्ट्यात हल्ली पाण्याच्या बाटलीशेजारी बीटच्या पावडरीचं पाकीट असतं. तालमीतल्या पोरांकडे आर्जिनिनचा, म्हणजे प्रथिनांतल्या एका अमिनो आम्लाचा, डबा असतो. रक्तवाहिन्या रुंद करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू वाढवायचा, हे दोघांचंही म्हणणं. हेतू चांगलाच आहे. पण हा वायू शरीरात साठवून ठेवता येत नाही. रक्त जिथं वाहतं तिथंच, वाहतानाच तो तयार होतो आणि काही सेकंदांत संपतो. पुढच्या बहुतेक चुका एवढी एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

आधी नावाचा घोळ मिटवू. नायट्रस ऑक्साइड म्हणजे भूल देताना वापरतात तो वायू. इथं त्याचा काही संबंध नाही.

‘नळी अरुंद, म्हणजे घासणं जास्त’

रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. वाहतं रक्त त्यावर घासतं, ते घासणं पेशींना कळतं आणि त्यांच्यातलं एन्झाइम आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. तो बाजूच्या स्नायूत शिरतो, स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते. या अस्तराचं महत्त्व रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 मध्ये सशाच्या महाधमनीवर दाखवलं: अस्तर खरवडलं, की एरवी वाहिनी सैल करणारं ॲसिटिलकोलीन हे रसायन देऊनही ती सैल होईना. पुढं या कामासाठी त्यांना, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं.

आता हिशोब. वाहिनीतून जाणारं रक्त तेवढंच ठेवलं आणि त्रिज्या निम्मी केली, तर भिंतीवरचं घासणं 8 पट होतं. एवढंच वाचून लोक म्हणतात, मग अरुंद वाहिनीत नायट्रिक ऑक्साइड आपोआप जास्त बनत असणार. पण दाब तोच राहिला आणि त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह 16 पटींनी घटतो आणि घासणं वाढायच्या ऐवजी निम्म्यावर येतं. आकुंचन पावलेल्या बारीक वाहिन्यांत पुष्कळदा हेच घडतं आणि मग नायट्रिक ऑक्साइडही कमी बनतं. म्हणून नुसती रुंदी सांगून भागत नाही, प्रवाह किती आणि दाब किती हेही विचारावं लागतं.

तांबड्या पेशींना विसरणं

ही चूक शिकलेली माणसंही करतात, आणि मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड झपाट्यानं गिळतं आणि त्याचं नायट्रेट करून टाकतं. म्हणजे निर्मिती भिंतीत आणि खप धारेत. मग तो स्नायूपर्यंत पोचतो कसा? उसाच्या पाटात पाचोळा मधल्या धारेला लागतो आणि कडेला नितळ पट्टा राहतो, तसं बारीक वाहिन्यांत तांबड्या पेशी मधून जातात आणि भिंतीलगत नुसत्या प्लाझ्माचा, म्हणजे रक्तातल्या पेशींविना उरणाऱ्या द्रवाचा, पातळ थर उरतो. हा थर जेमतेम काही मायक्रोमीटरचा असतो, पण हिमोग्लोबिनला भिंतीपासून लांब ठेवायचं काम तोच करतो. हिमोग्लोबिन पेशीच्या आत बंद असणं हाही एक आडोसाच. सिकलसेलसारख्या आजारात पेशी फुटतात, हिमोग्लोबिन प्लाझ्मात सुटतं आणि थेट भिंतीला भिडतं. मग अस्तर धड असूनही वाहिन्या आवळतात.

त्यामुळं प्रवाह दुप्पट झाला की नायट्रिक ऑक्साइडही दुप्पट, असं गणित मांडू नका. वाढत्या प्रवाहाबरोबर घासणं वाढतं, तसा खपही बदलतो. केशवाहिन्यांची, म्हणजे सर्वांत बारीक वाहिन्यांची, तर गोष्टच वेगळी. तिथं 8 मायक्रोमीटर रुंदीची पेशी स्वतःला दुमडत एकेरी रांगेत जाते आणि भिंतीला स्नायूच नसतो. रुंद होतात त्या केशवाहिन्यांच्या आधीच्या धमनिका, म्हणजे बारीक धमन्या.

रक्त तपासून ‘पातळी’ काढणं

अहवालात मिळतात ते नायट्रिक ऑक्साइडचे नव्हे, तर त्यापासून बनणाऱ्या नायट्राइट-नायट्रेटचे आकडे. आदल्या रात्री पालक खाल्ला असेल तरी ते वर जातात. त्यावरून आपल्या वाहिन्यांची तब्येत ठरवू नका.

बीट, पालेभाजी आणि माउथवॉश

बीट, पालक, राजगिऱ्याचा पाला यांतलं नायट्रेट लाळेतून जिभेवर येतं, तिथले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढं शरीरात, विशेषतः ऑक्सिजन कमी पडलेल्या जागी, त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. दमलेल्या पायांना याचाच उपयोग. पण बीटचा रस प्यायचा आणि वर जंतुनाशक माउथवॉशनं खळखळून चूळ भरायची, म्हणजे तेच जिवाणू मारायचे. डेंटिस्टनं दिलं असेल तर सांगितलेले दिवस जरूर वापरा, पण रोजची सवय लावून घेऊ नका. भाजी उकळून पाणी ओतून दिलं तर बरंचसं नायट्रेट त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. रस शर्यतीच्या ऐन वेळी पिऊन फायदा नाही, दोन-तीन तास आधी घ्यावा. नंतर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, तो बीटचा रंग. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज बीट सुरू करू नये.

अस्तर जाळायचं आणि डबे आणायचे

सातारा-सांगलीच्या गावांत आजही सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास येतो. ‘दातांला लावती फक्त, खात न्हाय मी,’ असं काकी सांगतात. पण हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातंच. विडी-सिगारेटच्या धुरानं तर वाहिनीत सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक प्रकार वाढतो, तो बनलेलं नायट्रिक ऑक्साइड जागीच निकामी करतो. हे चालू ठेवून पावडरी घेणं म्हणजे पैसे वाया.

आर्जिनिनचंही तेच. निरोगी माणसाच्या पेशीत ते सहसा गरजेपेक्षा जास्तच असतं. हार्ट अटॅकनंतर आर्जिनिन देऊन पाहिलेल्या एका अमेरिकी चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी 6 जण दगावले, न घेणाऱ्यांपैकी एकही नाही. चाचणी थांबवावी लागली आणि 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले. हृदयाच्या पेशंटनं या डब्याला हात लावू नये.

साताऱ्यातल्या राजपथावर गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्यांच्या पायांतला प्रवाह तासाभरात मंदावतो, घासणं कमी होतं आणि अस्तराचं कामही ढिलं पडतं. मधूनमधून उठून दुकानाबाहेर चक्कर मारली, निदान बसल्या जागी पाय हलवत राहिलं, तरी फरक पडतो.

सगळ्यांत धोक्याची चूक

छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी शरीरात नायट्रिक ऑक्साइडचंच काम करते. लैंगिक ताठरतेसाठी घेतात त्या सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलच्या गोळ्या त्याचा परिणाम लांबवतात. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सांगायला संकोच वाटतो, हे समजतं. तरी छातीत दुखत असताना डॉक्टरांपासून हे लपवू नका. सॉर्बिट्रेट नेहमी बसून घ्या, उभ्यानं घेतल्यास चक्कर येऊन पडायला होतं. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर वाट न बघता 108 ला फोन लावा.