बाहुलीचं अंथरूण घालण्याआधी

कापडाची बाहुली आणि तिचं अंथरूण-पांघरूण घरी शिवायचं, तर सगळ्यात आधी माप ठरवावं आणि ते कागदावर लिहून शिवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून टाकावं. बाहुलीघरांच्या कामात एका फुटाला एक इंच हे प्रमाण जगभर रुळलेलं आहे. विंडसरच्या किल्ल्यात ठेवलेलं राणी मेरीचं बाहुलीघर १९२१ ते १९२४ या काळात तयार झालं, तेही याच प्रमाणातलं. म्हणजे साडेपाच फुटांची बाई साडेपाच इंचांची, सहा बाय तीनचा पलंग सहा इंच लांब नि तीन इंच रुंद, आणि चार इंच जाडीची गादी जेमतेम साडेआठ मिलिमीटरची. घरात आधीपासून लाकडी भातुकली असेल आणि बाहुली त्या संसारात बसवायची असेल, तर मात्र भातुकलीचंच माप घ्यावं. तिच्यातलं लाटणं चार इंचांचं असलं तर ते खऱ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं झालं. त्या घरात साडेपाच इंचांची बाई लाटण्याहून थोडीच उंच दिसेल.

माप ठरलं की गादी, उशी, चादर, गोधडी असं सगळं खऱ्या आकारात कागदावर काढून कापून ठेवा. पलंगाच्या काड्या मात्र तेव्हाच कापू नका. बाहुली भरली की फुगते, आणि रुंदीला फुगली की उंचीला थोडी आखडते. तिला भरून, कागदाच्या गादीवर आडवी निजवून, डोक्याशी नि पायाशी किती जागा उरते ते बघितल्याशिवाय करवत हातात घेऊ नये.

आता कापड. माझ्या मते तयारीतला निम्मा वेळ इथेच जावा, कारण कापड बारा पटींनी लहान कापलं म्हणून ते बारा पटींनी मऊ होत नाही. नव्या पॉपलीनची गोधडी कितीही बारीक टाक्यांनी शिवा, बाहुलीच्या अंगावर ती वाळलेल्या पापडासारखी उभी राहते. पांघरूण अंगावर पडायला हवं, गुडघ्याशी थोडं उंच, कडेला खाली लोळणारं. त्याला जुनं, शेकडो वेळा धुतलेलं सुती कापडच लागतं: मलमलचं विरलेलं पातळ, बाळाचं झबलं, आजोबांचं धोतर. निवडायची माझी रीत सोपी आहे. तळहाताएवढा तुकडा तर्जनीच्या टोकावर ठेवायचा. चारी बाजूंनी तो बोटाला लगटून खाली आला तर घ्यायचा, छत्रीसारखा पसरून राहिला तर बाजूला. पातळाचा बसण्याचा भाग विरलेला असतो, पण निऱ्यांच्या आतल्या घड्या बहुतेक वेळा शाबूत असतात, तिथून कापावं.

नक्षीची पारख वेगळी. जुन्या पोस्टकार्डाला गोधडीच्या मापाची खिडकी कापा आणि ती कापडावरून सरकवत न्या. एक सेंटिमीटरचं फूल बाहुलीच्या घरात बारा सेंटिमीटरचं होतं, म्हणजे तिच्या एका तळव्यात न मावणारं. बारीक चौकडी, ठिपके, मुंगीएवढी बुट्टी चालते. खण डोळ्यांना कितीही भुरळ घालो, तो जाड असतो आणि कापल्या कडेला लगेच सुटतो, त्यामुळे चोळीपुरता किंवा लोडाच्या अभ्र्यापुरताच ठेवावा. आणि रंग जातो का, हे कापण्याआधी पाहा. पांढरं ओलं फडकं कापडावर घासलं की कळतं. मी एकदा हे केलं नाही. लाल खणाची चोळी अंगावरच बेतून शिवली, चुण्या बसाव्यात म्हणून पाणी शिंपडलं, आणि सकाळी बाहुलीच्या मानेवर, दंडांवर गुलाबी डाग. बाहुली वाया गेली. तीन दिवस खपून भरतकाम केलेला तिचा चेहरा मला पुन्हा तसा करता आला नाही, आणि ते अजून मनाला लागून आहे.

लुगडं नेसवायचं असेल तर हिशोब आधी करा. नऊ वार म्हणजे या मापात सत्तावीस इंच, पन्हा पावणेचार. एवढं सगळं कमरेला गुंडाळलं तर बाई घागर बांधल्यासारखी दिसते, म्हणून मी सोळा इंचांवर थांबते आणि काष्टा नीट येईल एवढंच ठेवते. काठ साडीचा घेऊ नका, धोतराची बारीक किनार अगदी बरोबर मापात येते.

कापूस वातींचा घ्यावा, स्वच्छ असतो. तरीही हाताने पिंजून त्यातली सरकीची बारीक टरफलं वेचा. विरलेल्या कापडातून ती टोचतात आणि दिसतातही. एक दिवस कडक ऊन द्या. गादीला वाटतो त्यापेक्षा एक तृतीयांश कमी कापूस पुरतो, आणि तो गोळ्यांनी न कोंबता सपाट थर लावून घालायचा. खऱ्या गादीला असतात तसे टाके घालायला दोन ओळींत पाच-पाच खुणा आधीच पेन्सिलीने करून ठेवा.

उशीचं काम मला सगळ्यात आवडतं. नुसत्या कापसाची उशी बाहुलीच्या डोक्याखाली दबतच नाही, डोकं चेंडूवर ठेवल्यासारखं वर राहतं, कारण डोक्याला वजन नाही. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली आपल्याकडे मोहरीची उशी द्यायचे, ती आठवा. दोन इंच बाय सव्वा इंचाच्या उशीत थोडा कापूस आणि अर्धा चमचा बारीक मोहरी घातली, की मधोमध बोटाने खळगा करता येतो आणि तो राहतो. त्या खळग्यात बाहुलीचं डोकं टेकलं की ती खरोखर झोपलेली वाटते. खेळणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर मात्र मोहरी, मणी, तार यांतलं काहीही नको. आत निव्वळ कापूस आणि दुहेरी शिवण.

सुई दहा नंबरची. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. गोधडीसाठी अँकरच्या सहा पदरी भरतकामाच्या दोऱ्यातला एकच पदर काढायचा, हातभर लांबीचा, त्याहून लांब घेतला की पिंजतो. खऱ्या गोधडीचा धावदोरा सहा मिलिमीटरचा धरला तर इथे तो अर्ध्या मिलिमीटरचा हवा. तो कोणाच्याच हातून निघत नाही. दीड मिलिमीटरवर समाधान मानावं, पण ओळी चारी कडांनी सुरू करून आत चौकोनी फेऱ्यांनी न्याव्यात, तेवढ्याने ती आपली गोधडी दिसते. आत भर घालू नका, मलमलचे दोन पदर पुष्कळ झाले. बाहुलीच्या अंगाचे तुकडे आधी कापून ठेवायचे नाहीत: कापडावर आकृती काढायची, रेघेवर टीप मारायची, मग तीन-चार मिलिमीटर सोडून कापायचं. बोटाएवढा हात उलटा करायला चिमटा आणि विणायची बोथट सुई लागते. तार, लोकर, कात्री, फेव्हिकॉल ही मंडळी सगळ्यांच्याच घरी असतात.

पलंगाऐवजी बाज करणार असाल तर सांध्यांत फेव्हिकॉलच्या भरवशावर राहू नका. दोरा विणताना चारी बाजूंनी ताण येतो आणि चौकट शंकरपाळ्यासारखी तिरकी होते. प्रत्येक सांध्यात टूथपिकची खुंटी मारायची, रात्रभर वाळू द्यायची, मग विणायला घ्यायचं. जाड पांढऱ्या सुती दोऱ्याचं रीळ पूर्ण असावं, मधे गाठ आली की ती गादीखालूनही जाणवते.

थर्माकोलचा तुकडा आणि न गंजणाऱ्या टाचण्या जवळ ठेवा. शेवटी बाहुलीला निजवून, पांघरूण पाण्याने दमट करून, हव्या त्या चुण्यांत टाचून रात्रभर सोडायचं असतं. टाचण्या मोजून घ्या, मोजून परत ठेवा.

आणि पातळ कापण्याआधी घरात विचारा. माझ्या मावशीने आजीचं राखी रंगाचं पातळ माझ्या हातात दिलं, पण पदर मागून घेतला. तो तिच्या कपाटात आहे. उरलेल्यातून आजवर चार गोधड्या झाल्या. ज्या बाईचं पातळ, तिच्या नावाचं पहिलं अक्षर मी गोधडीच्या मागच्या बाजूला त्याच एका पदराच्या दोऱ्याने भरते. त्यासाठी कोपऱ्यात पाव इंच जागा धावदोऱ्याविना मोकळी लागते, तेव्हा कागदाचा नमुना कापतानाच तिथे खूण करून ठेवा.