रीळ किनाऱ्यावरच धुवावे

बेळगावहून आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याच्या समुद्रात कयाकमधून गळ टाकणाऱ्यांचे रीळ (गळाची दोरी, म्हणजे तंगूस, गुंडाळणारी काठीवरची फिरकी) बहुधा परतीच्या प्रवासातच जाम होते, कारण तेवढ्या वेळात खारे पाणी सुकून मिठाचे पांढरे कण हँडलच्या सांध्यात घट्ट बसतात.

यासाठी घरूनच गोड्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवावा. किनाऱ्यावर येताच ड्रॅगची (मासा ओढताना तंगूस किती जोराने सुटावा हे ठरवणाऱ्या रिळाच्या ब्रेकची) चकरी पूर्ण आवळावी, म्हणजे आतल्या वॉशरांत पाणी शिरत नाही, आणि झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीने रिळावर, तंगुसावर व काठीच्या कड्यांवर हलकेच पाणी शिंपडून जुन्या सुती फडक्याने पुसावे. रीळ बादलीत बुडवू नये. मीठ उलट आत जाते.

पुसून झाल्यावर ड्रॅग पुन्हा सैल करण्यास मात्र विसरू नये (मी दोनदा विसरलो आहे), अन्यथा वॉशर दबून राहतात.