शेतजमिनीच्या वारसावादात या चुका टाळा

भाऊबंदकी पेटली की लोक आधी वकील गाठतात, कागद नंतर. हातात असतो तो मोबाइलवर काढलेला आजचा सातबारा. त्यावर आज कोणाचं नाव आहे एवढंच कळतं. ते नाव कसं आलं आणि वाटेत कोणाचं गळालं, हे फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यातल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीत, दडलेलं असतं.

ए.कु.मॅ. न वाचणं

पूर्वी बाप वारला की सगळ्या भावांची नावं लागत नसत. थोरल्याचं नाव लावून पुढं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एवढं लिहिलं जाई. काही गावांत 'ए.कु.पु.' दिसतं. थोरला फक्त कारभारी, मालकी सगळ्यांची. पण सातबारा नव्यानं उतरवताना, किंवा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा, ती तीन अक्षरं गळाली आणि कारभारी कागदावर मालक झाला.

मोहोळ तालुक्यातलं एक प्रकरण बघा. बाप वारल्यावर कागदावर थोरल्याचंच नाव लागलं आणि पुढं 'ए.कु.मॅ.' शेरा गळाला. तीन भावांनी तोंडी वाटणी करून बांध घातले, तिघं आपापला तुकडा कसत राहिले. थोरला वारला आणि वारस म्हणून फक्त त्याच्या दोन पोरांची नावं चढली. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, भाव वाढला. एका पोरानं दोन एकरांचं खरेदीखत बाहेरच्याला करून दिलं. धाकट्यांच्या मुलांनी अपील केलं ते खरेदीच्या फेरफारावर. ते फेटाळलं गेलं, कारण रेकॉर्डवर विकणाऱ्याचंच नाव होतं. घाव घालायचा होता तिघा भावांच्या बापाच्या मृत्यूनंतरच्या जुन्या फेरफारावर आणि शेरा गळाला त्या नोंदीवर. मग दिवाणी दावा लावला तोही एकाच गटाचा, आत्यांना वगळून. वाटपाच्या दाव्यात कुटुंबाची सगळी जमीन आणि सगळे सहहिस्सेदार लागतात. एक राहिला की समोरचा वकील तिथंच अडकवतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी 8अ उतारा काढा, त्यावरून खात्यावरचे सगळे गट कळतात. दुसऱ्या गावात जमीन असेल तर तिथला 8अ वेगळा काढा. सातबाऱ्यावरचे सगळे फेरफार क्रमांक वहीत उतरवा आणि प्रत्येकाची नक्कल घ्या. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबारे काढत मागं जा. जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या 9(3), 9(4) उताऱ्यात सापडतं. फार जुने कागद मोडीत निघाले तर वाचणारा शोधा, अंदाजानं वाचू नका. शेवटी एका कागदावर वंशावळ मांडून प्रत्येक मयताच्या नावापुढं मृत्यूची तारीख लिहा. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 पासूनचा आहे. माणूस त्याआधी वारला की नंतर, यावर वारस बदलतात. हे काम कंटाळवाणं आहे. ज्यांना कंटाळा येतो ते पुढं वर्षानुवर्षं तारखा मोजतात.

बहिणीची आणि आजीची 'सही घेऊन टाकणं'

'लग्नात दिलंय की तिला' हे वाक्य चावडीवर चालतं, कोर्टात नाही. 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वडिलोपार्जित जमिनीची हिस्सेदार, झाली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात असण्याची अटही नको म्हटलं. तरी आजही नोटरीच्या कागदावर बहिणीची सही घेऊन लोक निवांत बसतात. शेतजमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदलेलंच लागतं. नोटरीचा कागद फाइल जाड करतो, बस्स. बहिणीचं नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' टाकलं म्हणजे तिचा हिस्सा संपला, हाही गैरसमजच.

आजीला तर कोणी मोजतच नाही. मुलगा मृत्युपत्र न करता आईच्या आधी गेला तर आई पहिल्या वर्गाची वारस असते. स्वकष्टार्जित 5 एकर, मागं आई, बायको, दोन मुलं, एक मुलगी: पाच जण, प्रत्येकी 1 एकर. आजीचं नाव लावलं नाही आणि ती नंतर वारली, की तिच्या एका एकरावर चुलते आणि आत्याही हक्क सांगायला उभे राहतात. वारस नोंदीच्या प्रतिज्ञापत्रात नाव लपवणं हा शॉर्टकट नव्हे, पुढच्या दाव्याचा पुरावा तुम्हीच सहीनिशी देता.

बाकीच्या, थोडक्यात

फेरफाराची नोटीस आली की 15 दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी 'भाऊसाहेबांना (तलाठ्याला) सांगितलंय' याला अर्थ नाही.

मंडळ अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली तर प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपिलाला 60 दिवस. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबतच, नोंद कधी आणि कशी कळली ते लिहून.

फेरफारानं मालकी ठरत नाही. हक्काचाच वाद असेल तर महसुलात चकरा मारत बसू नका, दिवाणीत जा. हिस्सा नाकारल्याचं कळल्यापासून 12 वर्षांची मुदत असते.

दावा लावलात की लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस निबंधकाकडं नोंदवा, नाहीतर दरम्यान घेणारा 'मला माहीतच नव्हतं' म्हणतो.

जमिनीसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागत नाही. ते बँकेतल्या ठेवी, शेअर यांच्यासाठी. तो खर्च वाचवा.

हुकूमनामा मिळाला म्हणजे तुकडा हातात आला नाही. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावा, मग तो महसूलकडं जातो आणि मोजणी होऊन सरस-निरस (चांगली-हलकी जमीन) पाहून वाटप होतं.

खातेफोड करताना पाणी विसरणं

एकमत झालंच तर तहसीलदाराकडं खातेफोडीचा, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा वेगळ्या खात्यावर नेण्याचा, अर्ज द्यायची घाई होते. आधी गुंठे बघा. प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. त्याखालचा तुकडा तुकडेबंदीत अडकतो. पुनर्वसनात मिळालेली भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी शर्तींवर दिलेली, जमीन असेल तर शर्ती वाचूनच पुढं जा.

आणि पाणी. सांगोला, मंगळवेढ्याकडं जमिनीवरून जेवढं भांडण होत नाही तेवढं विहिरीवरून होतं. वाटणीपत्रात विहिरीतला हिस्सा, मोटारीच्या पाळ्यांचे वार, वीज जोडणी कोणाच्या नावावर आणि बिल कोण भरणार, पाइपलाइन कोणाच्या रानातून जाते, उसाची ट्रॉली कोणत्या बांधानं निघणार आणि वाट किती फुटांची, हे सगळं गट नंबर टाकून लिहा. नकाशावर पेनानं ओढून सगळ्यांच्या सह्या घ्या, बहिणींच्याही.