भांडं आधी उलटं करून बघा

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला राहायला आले त्या पहिल्याच वर्षी मी फसले. साताऱ्याच्या आत्यासाठी बाजारातून ठिपक्यांचा वाडगा घेतला, त्यावर 'ॲबोरिजिनल आर्ट', म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची कला, असं ठळक लिहिलेलं. घरी येऊन किमतीची चिकटपट्टी नखाने खरवडली, तर खाली 'मेड इन इंडोनेशिया'! दुकानाचं नाव घेत नाही, पण फसणारी मी एकटी नव्हते. २०१९ मध्ये अशाच मालावरून फेडरल कोर्टाने एका घाऊक विक्रेत्या कंपनीला २३ लाख डॉलरचा दंड ठोठावला.

तेव्हापासून भांडं हातात घेतलं की आधी उलटं करते. डार्विनच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर बॅथर्स्ट आणि मेलव्हिल ही तिवी या मूळ रहिवासी लोकांची बेटं आहेत. तिथला माझा वाडगा वरून गडद तपकिरी, त्यावर आडव्यातिडव्या रेघा कोरून खालची फिकी माती उघडी केलेली. एक रेघ काठाजवळ जरा घसरलीये, मला तीच जास्त आवडते. तळाला कुंभाराचं नाव कोरलंय. सोबत तिथल्या कला केंद्राचा कागद मिळाला: नाव, गाव, नोंद क्रमांक. हा कागद मागून घ्याच.

तळाला नाव नसेल तर सरळ विचारा, कुणी केलं आणि कुठल्या कला केंद्रातून आलं? 'आमच्या सप्लायरकडून येतं' असं उत्तर आलं की भांडं जागेवर ठेवा आणि बाहेर पडा. वाद घालू नका, उपयोग नसतो.

तिवी लोकांत चाकावरची कुंभारकी जुनी नाही. एडी पुरुंटाटामेरी हे तिवी कुंभार डार्विनच्या बॅगॉट वस्तीत हे काम शिकले आणि १९७२ मध्ये बॅथर्स्टवर तिवी पॉटरी उभी राहिली. आज भांडी हवी असतील तर बॅथर्स्टवरच्या वुरुमियांगा गावाचं तिवी डिझाइन आणि मेलव्हिलवरच्या पिर्लांगिम्पीचं मुनुपी, ही दोन केंद्रं लक्षात ठेवा. मेलव्हिलवरच्याच मिलिकापिटीत जिलामारा केंद्र आहे, पण त्याची ओळख मुख्यतः गेरूची चित्रं आणि लाकडावरचं कोरीवकाम.

ही केंद्रं गावाच्या मालकीची असतात आणि संचालक मंडळावर तिथलीच माणसं असतात. विक्रीतला साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा थेट कलाकाराला जातो. उरलेल्यात माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप), भट्टी, पगार आणि बोटीचं भाडं भागवायचं असतं. म्हणून घासाघीस नको. मंडईची सवय सुटत नाही हे मला माहितीये, माझीही जीभ एकदा वळवळली होती.

बेटावर जाणं जमेल तर डार्विनच्या कलन बे वरून फेरी बोट सुटते, अडीचेक तास लागतात. पण निघण्याआधी तिवी लँड कौन्सिलकडे, म्हणजे बेटांच्या जमिनीचा कारभार बघणाऱ्या मंडळाकडे, परवान्याची चौकशी करा. मार्चमध्ये बेटावर फुटबॉलची ग्रँड फायनल असते, त्याच दिवशी कलेची विक्रीही. गर्दी, ऊन आणि आरडाओरडा सोसणार असाल तर याहून मजेचा दिवस नाही. नाहीतर ऑगस्टमध्ये डार्विन ॲबोरिजिनल आर्ट फेअर गाठा, विक्रीचे सगळे पैसे केंद्रांकडे जातात. भारतातून घ्यायचं असेल तर केंद्राला थेट ईमेल करा, आणि पार्सलचा खर्च व कस्टम ड्यूटी आधी विचारून घ्या. खायला वापरायचं भांडं असेल तर तेही विचारा, प्रत्येक ग्लेझ त्यासाठी नसतं.

फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. कलाकार वारले असतील तर त्यांचं नाव किंवा फोटो कुठे टाकण्याआधी केंद्राला विचारा, काही कुटुंबांत मृताचं नाव आणि फोटो टाळतात.

आणि नक्षी उचलू नका. माझ्या भाच्याला वाडग्यावरच्या रेघा कुर्तीवर छापायच्या होत्या. त्याला समजावलं, बाबा रे, जिलामारा म्हणजे मुळात पुकुमानी या मृत्यूविधीत अंगावर रंगवायची नक्षी, ती अशी उचलून छापायची नसते. कापडच हवं असेल तर तिवी डिझाइन स्वतः छापून विकतं, तिथून घे. तो आठवडाभर रुसला, मग दोन मीटर मागवलं.

आत्याला शेवटी खरा वाडगा पोचला, दोन जुन्या सुती साड्यांत गुंडाळून, हातातल्या बॅगेतून. कागद फाइलमध्ये ठेव म्हणून दोनदा बजावलं. तिने तो घडी करून वाडग्यातच ठेवलाय, वर फुलवाती.