गुजरीतला स्पीकर घेताना: आधी बोट, मग मीटर, शेवटी कान

कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोन्याची पेठ. आमच्या बेळगावात मात्र कन्नडातली गुजरी चालते, म्हणजे भंगार. मोडीत निघालेल्या गाड्यांचे स्पीकर बहुतेक तिथंच मिळतात. तुम्ही ‘एष्टु?’ म्हणून भाव विचारला की दुकानदार आधी आवाज मोठा करून दाखवतो. तिथंच माणूस फसतो, कारण धाडधाड आवाजात बारीक खरखर लपून जाते.

मी असाच एकदा फसलो. साडेसहा इंची जोडी, बेस दणदणीत. घरी आणून कडेवरून अंगठा फिरवला, तर फोम ओल्या राखेसारखा बोटाला चिकटून आला. वरून काळं बूटपॉलिश मारलेलं!

म्हणून वाजवू द्यायच्या आधी स्पीकर हातात मागा आणि उजेडात न्या. कोनाभोवतीची (कोन म्हणजे थरथरून आवाज काढणारा पुढचा शंकू) फुगीर कड फोमची आहे की रबराची, ते पहिलं बघा. फोम दहा-पंधरा वर्षांत आपोआप भुगा होतो, स्पीकर वाजो न वाजो. रबर जास्त टिकतं, पण त्यात चिरा नाहीत ना, कोनापासून ते सुटलेलं नाही ना, हे बोटानं चाचपा. मधली टोपी चेपलेली असली तर भाव पाडा, पण तेवढ्यासाठी माल सोडू नका.

आता उलटा करा. टर्मिनलपासून, म्हणजे बाहेरच्या वायरी जोडायच्या पट्टीपासून, कोनाकडं जाणाऱ्या वेणीसारख्या दोन तारा शाबूत हव्यात. खानापूरकडच्या पावसात भिजलेल्या गाडीच्या दारातला स्पीकर असेल तर कागदी कोनावर पाण्याचे डाग सापडतील. गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेला असेल तर गंज. नाकाजवळ धरा, जळकट वास आला तर कॉइल, म्हणजे कोन हलवणारं आतलं तारेचं वेटोळं, भाजलेली आहे.

मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून तो सरळ, हलकेच आत दाबा आणि सोडा. काही ऐकू यायला नको. कागदावर वाळू घासल्यासारखी खसखस आली तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासतेय. कोन हलतच नसेल तर स्पीकर कुठंतरी आपटून चुंबक सरकला असेल. दोन्ही वेळी मुकाट्यानं खाली ठेवा.

मल्टिमीटर, म्हणजे विजेचा रोध ओहममध्ये मोजणारा मीटर, सोबत असावा. २०० ओहमच्या रेंजवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, आणि जोडीतल्या दोघांचे आकडे जवळपास सारखे हवेत. काहीच आकडा आला नाही तर कॉइल किंवा तार तुटलीय. शून्याजवळ आला तर कॉइल शॉर्ट आहे. असला स्पीकर अँप्लिफायरलाही घेऊन बुडतो. एक खुबी मात्र लक्षात ठेवा: सुट्या ट्वीटरला (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) कपॅसिटर, म्हणजे मीटरचा करंट अडवणारा छोटा भाग, जोडलेला असेल तर मीटर गप्प राहतो, पण ट्वीटर चांगला असू शकतो. कोअॅक्सिअल, म्हणजे मोठ्या कोनाच्या मधोमधच ट्वीटर बसवलेल्या स्पीकरमध्येही मीटर फक्त मोठ्या कोनाचं सांगतो, ट्वीटरचं कानानंच ठरवायचं.

मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरे. क्षणभर टेकवा, ‘टक्’ होईल. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. जोडीतला एक बाहेर आणि दुसरा आत गेला तर कुणीतरी उघडून तारा उलट्या जोडल्यात. तसेच बसवले तर बेस गायब. नऊ व्होल्टची बॅटरी कशाला लावायची, सेलनं काम होतं.

आता वाजवा, पण हळू आवाजात. मी मोबाइलवर एखादा अभंग ठेवतो. पखवाजाची थाप कोनाची परीक्षा घेते, टाळांचा किणकिणाट ट्वीटरची. स्टेरिओचा बॅलन्स आधी पूर्ण डावीकडं, मग उजवीकडं नेऊन एकेक स्पीकर ऐका, आणि मग सावकाश आवाज चढवा. थाप फाटायला लागली तर दुकानदार ‘स्टेरिओच तसला आहे’ म्हणेल. दुसरा स्पीकर त्याच तारांवर लावायला सांगा, खरं-खोटं तिथंच कळतं.

डब्यावरच्या ‘मॅक्स’ वॅटकडं बघू नका, आरएमएसचा, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकेल त्या वॅटचा, आकडा विचारा.

आणि निघायच्या आधी घरीच गाडीच्या दाराची काच पूर्ण खाली घेऊन आत चुंबकाला किती खोली मिळते ते मोजून ठेवा. स्पीकर फर्मास निघाला आणि काच त्यावर आपटायला लागली, तर तो परत गुजरीतच जायचा, अर्ध्या भावात.